ठिगळाचा इतिहास

शाळेच्या इतिहासाच्या पुस्तकात तलवारी असतात, नाणी असतात, ताम्रपट आणि किल्ले असतात. गोधडी नसते. याचा सगळा दोष इतिहासकारांना देता येत नाही. नाणं जमिनीखाली शेकडो वर्षं टिकतं. गोधडी मुळातच जुन्या, विटलेल्या कापडाची असते. ती विरली की तिचं पायपुसणं होतं, पायपुसण्याचं पोतेरं होतं आणि पोतेरं एक दिवस चुलीत किंवा उकिरड्यावर जातं. घरात बायकांच्या हातांनी झालेल्या बहुतेक वस्तूंचं असंच होतं. त्या वापरात येतात आणि वापरातच संपतात. मागे पुरावा उरत नाही, म्हणून आपण धरून चालतो की तिथे इतिहासच नव्हता.

या समजाची किंमत आज आपली मुलं मोजत आहेत. शाळेत कार्यानुभवाचा तास असतो, पण परीक्षा जवळ आली की सर्वांत आधी गणिताला दिला जातो तो हाच तास. घरी ‘प्रोजेक्ट’ येतो, तेव्हा आई-वडील स्टेशनरीच्या दुकानातून तयार साहित्य आणतात, रात्री बसून चिकटवतात आणि मूल ते सकाळी शाळेत नेऊन देतं. त्याच घरात दादी किंवा आजी असते, जिला चार जुन्या साड्यांतून थंडीचं पांघरूण उभं करता येतं. तिला कोणी विचारत नाही, कारण तिचं काम म्हणजे ‘फावल्या वेळातलं’.

मला वाटतं, हा शब्दच तपासून पाहायला हवा. घरच्या हातकामाच्या वस्तू संपल्या असल्या, तरी त्यांच्या खुणा भाषेत, गाण्यांत, जुन्या पुस्तकांत आणि वर्ध्यात जन्मलेल्या एका शैक्षणिक अहवालात शिल्लक आहेत. त्या एकत्र ठेवल्या की दिसतं, हे काम फावल्या वेळातलं कधीच नव्हतं.

शिवणाच्या पेटीतले शब्द

दोन भाषा शिकवणाऱ्या माणसाला शिवणाची पेटी म्हणजे लहानसा शब्दकोश वाटतो. उशीचा अभ्रा घ्या. फारसीत ‘अबरा’ म्हणजे दुहेरी कापडाचा बाहेरचा पदर आणि ‘आस्तर’ म्हणजे आतला. मराठीने दोन्ही शब्द घेतले. आतल्याला अस्तर म्हटलं आणि बाहेरचा अभ्रा उशीला दिला. रफू अरबीतून आला, कशिदा आणि बखिया फारसीतून. खिसा म्हणजे मूळचा ‘कीसा’, थैली. काज पोर्तुगीज आहे; त्या भाषेत ‘काझा’ म्हणजे घर, म्हणून काज हे बटणाचं घर. सुई आणि सूत मात्र संस्कृत-प्राकृताच्या वाटेने आलेले इथले जुने रहिवासी. एक साधी उशी शिवताना आपण चार-पाच भाषा वापरतो आणि कोणत्या धाग्याचा धर्म कोणता, हे कुणालाही विचारावं लागत नाही.

यात एक शब्द विशेष आहे. अरबीत ‘रुकआ’ म्हणजे तुकडा, ठिगळ. कागदाचा तुकडा म्हणून चिठ्ठीलाही तोच शब्द. दखनी बोलणाऱ्या घरांत लग्नाच्या आमंत्रणाला रुक्का म्हणतात, तो हाच. याच मुळापासून ‘मुरक्का’ झाला: ठिगळं जोडून केलेली वस्तू. सूफी फकिराच्या ठिगळांच्या वस्त्राला मुरक्का म्हणत. मुघल दरबारात चित्रं आणि सुलेखनाचे सुटे कागद जोडून जो संग्रह बांधत, त्यालाही मुरक्काच म्हणत. जहांगीराच्या काळचा ‘मुरक्का-ए-गुलशन’ आज तेहरानच्या गुलिस्तान राजवाड्याच्या ग्रंथालयात जपून ठेवलेला आहे. फकिराची ठिगळं आणि बादशहाचा चित्रसंग्रह एकाच नावाने ओळखले गेले, कारण दोन्हींमागची कृती एकच होती: सुटे तुकडे वाया न घालवता त्यांतून एक अखंड वस्तू करणं.

सूफी परंपरेत पीर आपल्या मुरीदाला खिरका देतो. हे साधं, बहुधा ठिगळांचं वस्त्र म्हणजे वारशाची खूण. चौदाव्या शतकात दिल्लीहून दख्खनमध्ये आलेले बुर्‍हानुद्दीन गरीब खुलताबादला विसावले आणि चिश्ती परंपरा इथे रुजली. मराठीत जोग्याच्या ठिगळांच्या वस्त्राला ‘कंथा’ म्हणतात. विसाव्या शतकात गाडगे महाराजांना लोक गोधडे बुवा आणि चिंधे बुवाही म्हणत, ते त्यांच्या अंगावरच्या चिंध्यांच्या कपड्यामुळे. ठिगळ ही गरिबीची खूण आहे, हे खरं. आपल्या मुलखात ती संतपणाचीही खूण झाली. उर्दूत गरीब घरातल्या गुणी मुलाला ‘गुदडी का लाल’ म्हणतात. गुदडी म्हणजे आपली गोधडीच.

गोधडीचं शास्त्र

गोधडी म्हणजे कापडावर कापड टाकून शिवणं, इतकंच आपल्याला वाटतं. कोणी करताना जवळ बसून पाहिलं, तर त्यातले निर्णय दिसतात. आधी कापडं निवडायची. वारंवार धुतलेलं सुती लुगडं किंवा साडी मऊ पडलेली असते, ती वर. जाड, पण विरलेली चादर आत. फाटलेला भाग कापून टाकायचा नाही, दुसऱ्या थराच्या धडक्या भागावर आणायचा. म्हणजे एका कापडाची भोकं दुसऱ्या कापडाने झाकली जातात. मग जमिनीवर अंथरून चारी बाजूंनी ताणायचं आणि मोठे टाके घालून थर जागच्या जागी धरायचे. त्यानंतर धावदोरा. पुष्कळ ठिकाणी कडेपासून सुरुवात करून आत मध्याकडे येत जातात, म्हणजे कापडाला पडणारी सुरकुती पुढे सरकत जाते.

ऊब येते ती थरांमध्ये अडकलेल्या हवेमुळे. धावदोऱ्याच्या ओळी त्या हवेचे लहान लहान कप्पे करतात आणि थर सरकू देत नाहीत. ओळी फार दाट झाल्या तर गोधडी कडक होते, फार विरळ झाल्या तर धुण्यात गोळा होते. किती अंतर ठेवायचं, हे हाताला ठाऊक असतं. बाळाच्या दुपट्याला जुनंच कापड का, याचंही उत्तर साधं आहे. नव्या कापडाची खळ आणि कडकपणा बाळाच्या कातडीला बोचतो.

पश्चिम महाराष्ट्रात हिला वाकळ म्हणतात, बंगालमध्ये कांथा. कांथा हिंदू आणि मुसलमान दोन्ही घरांत होत आली. सोळाव्या-सतराव्या शतकात बंगालमधल्या सातगावची भरतकाम केलेली पांघरुणं पोर्तुगीज जहाजांनी युरोपात नेली. त्यांतली काही आज तिथल्या संग्रहालयांत आहेत. राजघराण्यांसाठी शिवलेलं जपून राहिलं आणि नातवासाठी शिवलेलं वापरून संपलं. 

आपल्या शेजारचं एक उदाहरण इथे सांगायला हवं. कर्नाटकातल्या उत्तर कन्नड जिल्ह्यात, हल्याळ, यल्लापूर, मुंडगोड या भागांत सिद्दी लोक राहतात. त्यांचे पूर्वज पूर्व आफ्रिकेतून आणले गेले, त्यांतले बरेच गुलाम म्हणून गोव्याच्या पोर्तुगिजांमार्फत. मुरूड-जंजिऱ्याचे सिद्दी आपल्याला सत्ताधारी म्हणून माहीत आहेत; हे जंगलातले सिद्दी त्यांच्याइतके नशीबवान नव्हते. त्यांच्यात मुसलमान आहेत, ख्रिस्ती आहेत, हिंदू आहेत. पण तिन्ही धर्मांच्या सिद्दी बायका एक वस्तू सारखीच करतात: कवंदी. ही जुन्या कपड्यांच्या रंगीत तुकड्यांची गोधडी कडेपासून सुरू होते आणि मध्यावर येऊन संपते. चारी कोपऱ्यांत घडी घातलेले त्रिकोणी तुकडे बसवतात, त्यांना ‘फुला’ म्हणतात. ती फुलं नसतील, तर कवंदी पुरी झाली असं मानत नाहीत. कुणी मध्ये चांदाची कोर बसवते, कुणी क्रूस. ज्या समाजाकडे ताम्रपट नाहीत, बखरी नाहीत, त्याने आपली ओळख पांघरुणाच्या चार कोपऱ्यांत ठेवली.

जातं, चरखा आणि छापील पुस्तकं

घरकामाच्या खुणा गाण्यांतही आहेत. विजापूरच्या सूफी वर्तुळात दखनी भाषेत चक्कीनामे आणि चरखानामे रचले गेले. ही बायकांनी दळताना आणि सूत काततानाची पदं. इतिहासकार रिचर्ड ईटन यांनी विजापूरच्या सूफींवरच्या आपल्या 1978 च्या पुस्तकात त्यांची दखल घेतली. दख्खनमध्ये इस्लामी विचार घराघरांत कसा पोहोचला, याचं उत्तर त्यांना या जात्याच्या आणि चरख्याच्या पदांत सापडलं. मराठी जात्यावरच्या ओव्यांशी या पदांचं नातं सांगायला कोणा पंडिताची गरज नाही. जातं तेच होतं, दळणाऱ्या बायका एकाच गावच्या होत्या.

एकोणिसाव्या शतकात छापखाना आला आणि हातकाम पुस्तकांत शिरलं. डेप्युटी नजीर अहमद यांची ‘मिरात-उल-उरूस’ ही कादंबरी 1869 ची. उर्दूतली ती पहिली कादंबरी मानली जाते. तिची नायिका असगरी घर चालवते, हिशेब ठेवते आणि मुलींना शिकवते. तिथे अक्षरओळख आणि सुईदोरा शेजारी शेजारी बसतात. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला मौलाना अशरफ अली थानवी यांचं ‘बहिश्ती जेवर’ आलं. धर्मशिक्षणाचं पुस्तक म्हणून ते अनेक घरांत आहे, पण त्यात साबण करणं, शाई करणं, कापड रंगवणं अशा कृतीही आहेत, हे फार थोड्यांच्या लक्षात राहतं. कोणत्या पैगंबराने हाताचं कोणतं काम केलं, याची यादीसुद्धा त्यात आहे. हाताने काम करण्यात कमीपणा नाही, हे सांगण्याचा तो मार्ग होता. हजरत आयेशा यांची रिवायत सांगते की, पैगंबर साहेब घरी आपली पादत्राणं स्वतः दुरुस्त करत आणि कपडा स्वतः शिवत. आपल्या मुलग्यांना सुईत दोरा ओवायला लावण्यासाठी याहून मोठा दाखला कोणता हवा?

लाहोरहून 1898 मध्ये मुहम्मदी बेगम यांच्या संपादनाखाली ‘तहजीब-ए-निस्वाँ’ निघू लागलं, दिल्लीहून 1908 मध्ये ‘इस्मत’. पुण्यात रमाबाई रानड्यांच्या सेवासदनाचं काम 1909 मध्ये सुरू झालं आणि तिथे शिवणकाम हे बायकांना स्वतःच्या पायावर उभं करण्याचं साधन झालं. किर्लोस्करांचं ‘स्त्री’ मासिक 1930 चं. घरातल्या बाईचं कौशल्य आता कागदावर येत होतं, एका शहरातून दुसऱ्या शहरात जात होतं.

मात्र हे चित्र फार गोडही करू नये. यांतल्या बऱ्याच लेखनात हुन्नर म्हणजे ‘चांगल्या मुलीचं लक्षण’ होतं. सुई हातात दिली, की मुलगी घरात राहील, असा हिशेब त्यामागे होता. दुसरा हिशेब पैशाचा. आंध्रातल्या नरसापूर परिसरात मिशनऱ्यांनी एकोणिसाव्या शतकात क्रोशाची लेस शिकवली आणि पुढे तिचा मोठा निर्यात व्यापार झाला. समाजशास्त्रज्ञ मारिया मीस यांनी 1982 च्या आपल्या पुस्तकात दाखवलं की, घरी बसून दिवसभर लेस विणणाऱ्या बायकांना कामगार मानलंच जात नव्हतं. त्या ‘गृहिणी’, त्यांचं काम ‘फावल्या वेळातलं’, म्हणून मजुरी अगदी थोडी. नफा व्यापाऱ्याचा. ‘फावला वेळ’ हा निरुपद्रवी शब्द नाही, तो मजुरी बुडवण्याचा जुना मार्ग आहे. आज शहरांच्या मोहल्ल्यांत टोप्या विणणाऱ्या, जरदोजी करणाऱ्या, कपड्यांना टिकल्या लावणाऱ्या बायकांना विचारा, नगामागे काय मिळतं. नरसापूर फार दूर नाही, हे कळेल.

वर्धा, 1937

22 आणि 23 ऑक्टोबर 1937 ला वर्ध्यात गांधीजींच्या अध्यक्षतेखाली शिक्षण परिषद भरली. गांधीजींचं म्हणणं होतं की, मुलाचं सगळं शिक्षण एखाद्या उत्पादक हस्तोद्योगाभोवती गुंफावं. अभ्यासक्रम ठरवण्यासाठी समिती नेमली गेली आणि तिचे अध्यक्ष होते जामिया मिल्लियाचे डॉ. झाकिर हुसेन, पुढे 1967 मध्ये भारताचे राष्ट्रपती झालेले. समितीत विनोबा भावे होते, काका कालेलकर होते, जे. सी. कुमारप्पा होते, ख्वाजा गुलाम-उस-सय्यदैन होते. 2 डिसेंबर 1937 ला, म्हणजे सहा आठवड्यांच्या आत, अहवाल तयार झाला.

त्यात सात वर्षांचं मोफत आणि सक्तीचं शिक्षण मातृभाषेतून मांडलं होतं. शाळेच्या साडेपाच तासांपैकी 3 तास 20 मिनिटं हस्तोद्योगाला होती. सूतकताई-विणकाम, सुतारकाम, शेती, बागकाम, चामड्याचं काम अशांपैकी एक उद्योग घ्यायचा. सूत मोजताना गणित, कापसाची गोष्ट सांगताना भूगोल, कापडाच्या व्यापारातून इतिहास. झाकिर हुसेन जर्मनीत शिकले होते आणि केर्शेनस्टाइनर यांच्या कार्यशाळेचा विचार त्यांना माहीत होता. हात आणि डोकं वेगळं करणारी शाळा अर्धा माणूस घडवते, ही त्यांची खात्री होती.

या अहवालातलं मला सर्वांत प्रामाणिक वाटणारं वाक्य म्हणजे त्यातला इशारा. मुलांनी केलेल्या वस्तू विकून शाळेचा खर्च भागावा, असा आग्रह योजनेत होता. समितीने स्पष्ट सांगितलं की, यात धोका आहे: शिक्षक मुलांकडून जास्तीत जास्त काम काढून घेण्याच्या मागे लागतील आणि शिकणं बाजूला पडेल. ज्यांनी हाताच्या कामाला शाळेत मध्यभागी बसवलं, त्यांनीच सांगितलं की ते काम मजुरी होता कामा नये.

पण एक रेघ इथेही ओढली गेली. पाचवीपर्यंत मुलामुलींना अभ्यास सारखा होता. शेवटच्या दोन इयत्तांत मुलींना हस्तोद्योगाऐवजी गृहविज्ञान घेण्याची मुभा होती. म्हणजे सुतारकाम हा हस्तोद्योग, आणि घर चालवण्याची विद्या हा मुलींचा वेगळा कप्पा. गोधडी वर्ध्यातही दाराबाहेरच राहिली.

पुढे योजनेचं काय झालं, ते माहीतच आहे. मुस्लिम लीगने विरोध केला. धर्मशिक्षणाला जागा नाही, हा त्यांतला एक आक्षेप. शहरी मध्यमवर्गाला मुलांच्या हाती टकळी नको होती, त्यांना कारकुनीची नोकरी हवी होती. स्वातंत्र्यानंतर बुनियादी शाळा म्हणजे गरिबांच्या शाळा, असं समीकरण झालं. 1964-66 च्या कोठारी आयोगाने ‘कार्यानुभव’ सुचवला, 1977 मध्ये ईश्वरभाई पटेल समितीने ‘समाजोपयोगी उत्पादक कार्य’ हे नाव दिलं. नावं बदलत गेली, तास कमी होत गेले. बीएडच्या वर्गात आम्ही हे सगळं पाठ केलं, परीक्षेत लिहिलं. सुई मात्र कुणी हातात दिली नाही.

एक जुजदान, एक गणिताचा तास

म्हणून एक साधी वस्तू सुचवतो: जुजदान. कुरआन शरीफ ज्या कापडी पिशवीत ठेवतात, ती. जुज म्हणजे भाग आणि दान म्हणजे ठेवण्याची जागा, जसं फूलदान. पोथी, बायबल किंवा आवडीचं कोणतंही पुस्तक यात ठेवता येईल. आपल्याकडे कागद कापडात बांधण्याची रीत इतकी जुनी आहे की, पुण्याच्या पेशवे दप्तरातले मोडी कागदांचे गठ्ठे आजही ‘रुमाल’ म्हणूनच मोजले जातात. इतिहासाची कागदपत्रं ज्या कापडाने वाचवली, ते कापड इतिहासात आलं नाही.

समजा, पुस्तक 24 सेंटिमीटर उंच, 17 रुंद आणि 4 जाड आहे. पिशवीची रुंदी म्हणजे रुंदी अधिक जाडी, 21. सैलपणाला 1, दोन्ही बाजूंच्या शिवणीला 3. झाले 25. खोली म्हणजे उंची अधिक निम्मी जाडी, 26. पुढची आणि मागची बाजू मिळून 52. वरून पालटायच्या झाकणाला 13, दोन टोकांच्या दुमडीला 2. झाले 67. म्हणजे 25 बाय 67 चा एक तुकडा आणि तेवढंच अस्तर. अभ्रा-अस्तर जोडा, कडा दुमडा, पिशवीसारखी घडी घाला, दोन्ही बाजू शिवा, झाकणाला बटण आणि काज करा किंवा नाडी लावा.

आता पाचवी-सहावीतल्या मुलाला विचारा: 225 बाय 90 सेंटिमीटरच्या जुन्या सुती ओढणीतून असे किती तुकडे निघतील? रुंदीत 3, लांबीत 3, एकूण 9. एका जुजदानाला दोन तुकडे लागतात, म्हणजे चार जुजदानं आणि एक तुकडा शिल्लक. त्या तुकड्याचं काय करायचं, हे मुलाला ठरवू द्या. दुकानातल्या तयार संचात हा प्रश्न येतच नाही, कारण तिथे उरणारं काही नसतं.

हे काम मुलगा आणि मुलगी दोघांनी करावं. करताना घरातल्या सर्वांत मोठ्या बाईला शेजारी बसवावं, मग ती दादी असो, नानी असो, आजी असो. टाक्यांची नावं तिच्या तोंडून तिच्याच बोलीत ऐकून वहीत लिहावी: दखनीत काय म्हणतात, मराठीत काय, माहेरी काय म्हणत होते. तिने पहिली गोधडी कुणासाठी शिवली, कोणाच्या लुगड्याची, किती दिवस लागले, तेही लिहावं. घरात जुनी गोधडी असेल, तर तिच्या एका कोपऱ्यात शिवणारीचं नाव आणि वर्ष दोऱ्याने टिपून ठेवावं. दिवाळीच्या किंवा ईदच्या सुट्टीत होण्यासारखं हे काम आहे. लुगड्यातली शेवटची पिढी अजून आपल्यात आहे. तिला विचारायला आता उशीर करू नये.